एएमवर बोलताना सुई खाली का पडते, आणि आवाज स्वच्छ कसा करायचा

एका हॅमचा (हौशी रेडिओ चालवणाऱ्याचा) प्रश्न थोडक्यात असा: १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट, ७ मेगाहर्ट्झवर डायपोल (दोन तारांची अँटेना), एएमवर (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणाऱ्या मोडवर) कॅरियर (न बोलताही जाणारी मूळ लहर) ४० वॅट, माइक गेन ७० टक्के. समोरच्या स्टेशनचा रिपोर्ट येतो की कॅरियर दणदणीत आहे, पण आवाज आतून आल्यासारखा वाटतो आणि शब्द फाटतात. बोलायला लागले की वॉटमीटरची सुई वर जाण्याऐवजी खाली येते. कॅरियर ५० वॅट केला तर सुधारेल का?

नाही, उलट बिघडेल. कॅरियर २० वॅट करा. हे ऐकायला उफराटे वाटते, म्हणून आधी हिशेब पाहू.

मॉड्युलेशन म्हणजे आवाजाने कॅरियरची उंची कमीजास्त करणे. शंभर टक्के मॉड्युलेशनला आवाजाच्या शिखरावर आरएफ (रेडिओ लहरीचे) व्होल्टेज कॅरियरच्या दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. (‘पीक’ म्हटले की शेत आठवते, म्हणून इथे शिखर म्हणू.) म्हणजे २५ वॅट कॅरियरला शिखरावर १०० वॅट लागतात. तुमचा सेट त्याच्या वर जाऊ शकत नाही, एएलसी (पॉवर मर्यादेत ठेवणारे सर्किट) जाऊ देत नाही. कॅरियर ४० वॅट ठेवला तर १०० भागिले ४० म्हणजे अडीच पट, त्याचे वर्गमूळ १.५८. वरच्या बाजूला फक्त ५८ टक्के मॉड्युलेशनपुरती जागा उरली. ५० वॅट केलात तर ४१ टक्के. २० वॅटवर मात्र १२३ टक्क्यांपर्यंत मोकळी जागा मिळते.

आता माहिती कशात जाते ते बघा. आवाज साइडबँडमध्ये (कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या फ्रिक्वेन्सींमध्ये) असतो, कॅरियर नुसता ओझे वाहतो. सलग टोन धरला तर ४० वॅटवर ५८ टक्के मॉड्युलेशनला दोन्ही साइडबँड मिळून सुमारे ६.७ वॅट होतात. २० वॅटवर १०० टक्क्यांना १० वॅट. कॅरियर निम्मा केला आणि ऐकू येणारा भाग वाढला. समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर) तुम्ही ३ डीबीने, म्हणजे अर्ध्या एस-युनिटने खाली जाल. ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. आवाज उघडलेला मात्र लगेच लक्षात येईल.

सुई खाली का पडते तेही यातच आहे. ४० वॅटवर तुम्ही मोठ्याने बोललात की शिखर १०० वॅटवर आपटते, एएलसी जागी होते आणि ड्राइव्ह ओढून घेते. एएलसी पकडते झटकन आणि सोडते सावकाश. त्यामुळे शिखराबरोबर कॅरियरही खाली ओढला जातो आणि शब्द संपेपर्यंत दबलेलाच राहतो. खालच्या बाजूचे मॉड्युलेशन पूर्ण, वरच्या बाजूचे चेपलेले. साध्या मीटरची सुई सरासरी दाखवते, ती पडते. याला डाउनवर्ड मॉड्युलेशन म्हणतात, आणि ‘आतून आल्यासारखा आवाज’ हा रिपोर्ट बहुतेक वेळा याचाच असतो.

उष्णतेचाही मुद्दा आहे, आणि तो सहसा कुणी मोजत नाही. लिनिअर फायनलची (सेटच्या शेवटच्या पॉवर टप्प्याची) कार्यक्षमता व्होल्टेजबरोबर उतरते. पूर्ण १०० वॅटला ती साधारण ६० टक्के धरली, तर २५ वॅट कॅरियरला व्होल्टेज निम्मे, म्हणून कार्यक्षमताही निम्मी, ३० टक्के. १०० वॅटला सुमारे ६७ वॅट उष्णता, आणि २५ वॅट कॅरियरला सुमारे ५८ वॅट. म्हणजे ‘फक्त २५ वॅट’ वाटत असले तरी हीटसिंक जवळजवळ पूर्ण कॅरियरइतकाच तापतो, आणि एसएसबीसारखी (कॅरियर नसलेल्या, एकाच साइडबँडच्या मोडसारखी) शब्दांमधली उसंत त्याला मिळत नाही. मे महिन्यात नागपूरला बंद खोलीत दहा मिनिटांचे ओव्हर (सलग बोलण्याची पाळी) देणार असाल तर १५ वॅटही वाईट नाहीत.

आता सेटवर काय करायचे. पहिल्यांदा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पिणारा रेझिस्टर) लावा. ५० ओहम, १०० वॅट सलग सोसणारा हवा. तेलाच्या डब्यात बुडवलेला असेल तर उत्तम. अँटेनावर ट्यून करत बसणे म्हणजे इतरांच्या क्यूएसओवर (संभाषणावर) कॅरियर टाकून बसणे.

पुढचे तुमच्या सेटच्या जातीवर अवलंबून आहे. नव्या बहुतेक सेटमध्ये एएमची कमाल पॉवर कारखान्यातूनच बांधलेली असते. आयकॉम आयसी-७३०० वर एएमला कमाल २५ वॅटच निघतात, कितीही फिरवा. काही सेटमध्ये मेनूत एएमची पॉवर वेगळी लावता येते. तिथे २० ठेवा आणि विसरून जा.

खरी गोची जुन्या सेटमध्ये आहे, जिथे आरएफ पॉवर आणि कॅरियर असे दोन नॉब असतात. लोक कॅरियरचा नॉब तसाच ठेवून आरएफ पॉवर कमी करून २५ वॅट आणतात. मीटरवर २५ दिसतात, पण त्या नॉबने तुम्ही एएलसीचा उंबरठाच २५ वर आणून ठेवलेला असतो. आता कॅरियरच छताला टेकला. वर जायला जागाच नाही, पहिल्या शब्दाला सुई आपटते. अशा सेटमध्ये उलटे करायचे: सीडब्ल्यू (मोर्स) मोडवर आरएफ पॉवर पूर्ण उघडून डमी लोडवर खरोखर १०० वॅट निघतात का ते बघा, मग एएमवर या, माइक गेन शून्य करा आणि फक्त कॅरियरच्या नॉबने २० वॅटवर आणा. आरएफ पॉवरला पुन्हा हात लावू नका. सीडब्ल्यूवर ८० वॅटच निघत असतील, तर तुमचे छत ८० चे आहे आणि कॅरियर १६ ते २० च्या मध्ये बसला पाहिजे.

कुठल्या जातीचा सेट आहे ते कळत नसेल तर एक सोपी खूण. कॅरियर २० वॅटवर ठेवून एएलसी मीटर बघा, मग नेहमीच्या आवाजात बोला. काही सेट एएममध्ये कॅरियरची पातळी एएलसीनेच धरून ठेवतात, त्यामुळे न बोलताही मीटर थोडा उठलेला असू शकतो. तो आकडा महत्त्वाचा नाही. बोलल्यावर तो आणखी उडी मारतो का, ते महत्त्वाचे. उडी मारत असेल तर माइक गेन जास्त आहे किंवा कॅरियर जास्त आहे.

माइक गेन आता शून्यापासून हळूहळू वाढवा. साध्या सरासरी मीटरची सुई बोलताना स्थिर राहावी, किंवा किंचित वर थरथरावी. खाली झुकली की मागे या. शिखर दाखवणारा चांगला मीटर असेल तर काम आणखी सोपे. २० वॅट कॅरियरवर शिखर ४५ वॅट दिसले तर मॉड्युलेशन ५० टक्के, ६५ ला ८० टक्के, ७२ ला ९० टक्के, ८० ला पूर्ण १००. बोलण्यात ७० च्या आसपास उड्या येऊ द्या. मात्र स्वस्त मीटरवर ‘पीईपी’ (शिखराची पॉवर) असे बटण असते आणि आत नुसता एक कपॅसिटर. तो मीटर शिखर नेहमी कमीच दाखवतो. बॅटरी किंवा अडॅप्टर लागणारा, आत खरे पीक-होल्ड सर्किट असलेला मीटर असेल तरच या आकड्यांवर विश्वास ठेवा.

स्पीच कॉम्प्रेसर बंद. काही सेटवर तो एएममध्ये चालत नाही, पण चालत असेल तर बंदच ठेवा, कारण तो खोलीतला प्रत्येक आवाज वर उचलतो.

मीटरने एवढेच कळते. खालच्या बाजूला काय घडते ते कुठलाच वॉटमीटर सांगत नाही, आणि स्प्लॅटर (शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरणारी चरचर) मुख्यतः तिथूनच येतो. वर १२० टक्के गेलात तरी चालते, फायनलमध्ये दम असेल तर. खाली १०० टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही, कारण शून्याखाली काही नसते. कॅरियर काही क्षण कापला जातो, आणि त्या प्रत्येक कापाच्या कडेने दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोहर्ट्झ चरचर पसरते. म्हणून स्कोप (व्होल्टेजचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) हवा. २० मेगाहर्ट्झचा जुना पुरेल.

स्कोपला आरएफ द्यायला एक छोटी पेटी करा. पत्र्याचा डबा, दोन एसओ-२३९ सॉकेट (एक सेटकडे, एक अँटेना किंवा डमी लोडकडे), एक बीएनसी सॉकेट (स्कोपसाठी). दोन सॉकेटच्या मधे आरजी-५८ कोअॅक्स केबलचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा; त्याची जाळी एकाच टोकाला डब्याला जोडा, दुसरे टोक मोकळे ठेवून टेप मारा. दोन्ही टोके जोडलीत तर जाळीतून उलटा प्रवाह वाहतो आणि पिकअप जवळजवळ शून्य होतो. ही चूक हमखास होते. या तुकड्यावर एफटी५०-४३ जातीचा फेराइट रिंग सरकवा, त्यावर २८ गेजच्या एनॅमल वायरचे २० वेढे. वेढ्यांच्या दोन टोकांना १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, प्रत्येकी अर्धा किंवा एक वॅट, मेटल फिल्म किंवा कार्बन, वायरवाउंड नको. तिथून बीएनसीला. २५ वॅट कॅरियरला स्कोपवर वरपासून खालपर्यंत ५ व्होल्ट दिसतील, १०० वॅटच्या शिखराला १० व्होल्ट. लाइनमध्ये याचा अडथळा ओहमच्या आठव्या भागाएवढा, म्हणून ही पेटी कायम लावून ठेवली तरी बिघडत नाही.

स्कोप २ व्होल्ट प्रति चौकट, टाइमबेस १ मिलिसेकंद. डिजिटल स्कोप असेल तर ‘पीक डिटेक्ट’ चालू करा. नाहीतर मंद टाइमबेसवर नमुने विरळ घेतले जातात आणि स्वच्छ सिग्नलवरही कसलीतरी बनावट नक्षी दिसते. ती बघून माणसे चांगला सेट उघडून बसतात.

नुसता कॅरियर म्हणजे एक सपाट पट्टा. त्याची उंची लक्षात ठेवा. आता बोला. पट्टा माळेतल्या मण्यांसारखा फुगतो आणि आवळतो. फुगलेला भाग कॅरियरच्या दुपटीला पोचायला हवा, आवळलेला भाग शून्याच्या जवळ यायला हवा पण टेकता कामा नये. मण्यांच्या मधे सरळ बारीक रेष दिसायला लागली तर खालून कापले जात आहे, माइक गेन उतरवा. मण्यांच्या माथ्यावर इस्त्री फिरवल्यासारखे सपाट दिसले तर छताला डोके लागले आहे, कॅरियर उतरवा. उपाय दोन वेगळे आहेत. लोक दोन्ही वेळा माइक गेनलाच हात घालतात.

टक्केवारी हवी असेल तर सर्वांत मोठ्या उंचीतून सर्वांत लहान वजा करा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. उंची ९ आणि १ असेल तर ८ भागिले १०, म्हणजे ८० टक्के. बोलण्यातल्या सर्वांत मोठ्या शब्दाला खालची बाजू ९० ते ९५ वर ठेवा, उरलेली जागा खोकल्यासाठी.

टोनने तपासायचे असेल तर मोबाइलवर १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह वाजवा. मोबाइलचा स्पीकर माइकसमोर धरून पातळी लावता येते, पण विकृती मोजता येत नाही, कारण अर्धी विकृती स्पीकरचीच असते. विकृती बघायची तर हेडफोनच्या जॅकमधून १० किलोओहम आणि १०० ओहमचा विभाजक करून, मालिकेत १ मायक्रोफॅरड टाकून थेट माइकच्या पिनला द्या. सिग्नल शंभर पटीने उतरतो आणि माइकच्या पातळीला येतो.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. लांब ‘आऽऽ’ म्हणा आणि स्कोप बघा. माणसाचा आवाज वरखाली सारखा नसतो. बऱ्याच जणांच्या आवाजात एका बाजूची टोके दुसऱ्या बाजूपेक्षा ठळक उंच असतात. ती उंच टोके खालच्या बाजूला पडत असतील, तर कॅरियर लवकर कापला जातो आणि वरची जागा रिकामी राहते. माइक डायनॅमिक असेल तर कॅप्सूलच्या दोन तारा अदलाबदल करा, बाकी काहीही न बदलता. उंच टोके वर गेली की तेवढ्याच सुरक्षिततेत आवाज लक्षात येण्याइतका मोठा होतो. २० वॅट कॅरियर आणि १२३ टक्क्यांची जागा इथे कामी येते. ज्याच्या आवाजात हा फरक नाही त्याला तारा बदलून काही मिळणार नाही.

माइक बदलताना एक खबरदारी. आयकॉमच्या सेटमध्ये माइकच्या पिनवर इलेक्ट्रेट कॅप्सूलसाठी डीसी व्होल्टेज असते. तिथे डायनॅमिक माइक लावायचा तर मालिकेत १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. नाहीतर कॉइलमधून डीसी वाहतो, पडदा एका बाजूला ओढला जातो आणि आवाज चेपटा होतो. हीच ‘खराब माइक’ म्हणून फेकून दिलेल्या चांगल्या माइकची नेहमीची कथा.

आता आवाजाचा पोत. एएमची रुंदी म्हणजे आवाजातल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट. ३ किलोहर्ट्झपर्यंत बोललात तर ६ किलोहर्ट्झ जागा व्यापता. समोरचा बहुधा ६ किलोहर्ट्झच्या फिल्टरवर ऐकत असतो, त्यामुळे साडेतीनच्या वर पाठवलेले त्याला ऐकूही येत नाही, शेजाऱ्याला मात्र येते. खालच्या बाजूला १०० हर्ट्झच्या खालचे कापा. तिथे आवाज जवळजवळ नसतो, घुमणे आणि टेबलाचे धक्के असतात, आणि तेच मॉड्युलेशन खाऊन टाकतात. सेटमध्ये एएमसाठी बेस आणि ट्रेबल वेगळे असतील तर दोन्ही शून्यावर ठेवून सुरुवात करा, मग बेस एक-दोन पायऱ्या कमी, ट्रेबल एक-दोन पायऱ्या जास्त. ‘रेडिओवाल्यासारखा भारदस्त आवाज’ हवा म्हणून बेस चढवणारे सगळे शेवटी घडघडतात. भारदस्तपणा मध्यम फ्रिक्वेन्सी स्वच्छ असण्यातून येतो.

माइक तोंडापासून चार बोटांवर, समोर न धरता थोडा तिरका. तपासायला हे वाक्य म्हणा: ‘फणसाची भाजी, पिठलं-भाकरी, सुशीला सासरी’. पहिल्या अर्ध्यात प, फ, भ आहेत; त्यांच्या फुंकरीने मणी फुटत असतील तर माइक आणखी तिरका करा किंवा वर स्पंज चढवा. दुसऱ्या अर्ध्यात स आणि श आहेत. तिथे समोरच्याला शिट्टी ऐकू येत असेल तर ट्रेबल एक पायरी मागे घ्या.

आणि पंखा बंद करा. एसएसबीवर तुम्ही गप्प झालात की काहीच जात नाही, पंखा फारसा कळत नाही. एएमवर कॅरियर चालू असतो, समोरच्याचा रिसीव्हर शांत झालेला असतो, आणि त्या शांततेत डोक्यावरच्या पंख्याची प्रत्येक फेरी ऐकू जाते. फरशीची उघडी खोली असेल तर माइकच्या मागच्या भिंतीवर जाड चादर टांगा. दिसायला हास्यास्पद, पण महागड्या इक्वलायझरपेक्षा जास्त फरक पडतो.

त्याच शांततेत हमही उघडा पडतो. समोरच्याला विचारा, किंवा दुसऱ्या रिसीव्हरवर स्वतः ऐका: ५० हर्ट्झचा खोल गुणगुणाट असेल तर तो बहुधा माइकच्या केबलमधून येतो, ग्राउंड लूप किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. कॉम्प्युटरची केबल काढून बघा. १०० हर्ट्झचा असेल तर रेक्टिफायरच्या मागचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेत. दोन्हींत एका सप्तकाचे अंतर असते. ज्याने कधी तंबोरा ऐकलाय त्याला फरक लगेच कळतो.

डमी लोडवर आवाज निखळ आणि अँटेना लावली की घोगरा किंवा रडका झाला, तर तो सेटिंगचा दोष नव्हे. आरएफ माइकमध्ये परत शिरते आहे. माइकची केबल ३१ जातीच्या मोठ्या फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे घ्या, प्लगच्या आत माइक आणि ग्राउंडमध्ये १ नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर टाका, आणि डायपोलच्या मध्यावर चोक बालन (केबलच्या बाहेरून परत येणारी आरएफ अडवणारा) बसवा. तिन्हीतले खरे औषध तिसरे आहे. पहिली दोन लक्षणे दाबतात, तरी आधी तीच करा, कारण ती टेबलावर बसून होतात आणि तिसऱ्यासाठी गच्चीवर चढावे लागते.

स्कोप नसेल तर आरटीएल-एसडीआरसारखा, कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त रिसीव्हर आणि १ किलोहर्ट्झचा टोन पुरेसा आहे. धबधब्याऐवजी (वॉटरफॉल चित्राऐवजी) स्पेक्ट्रमचा आलेख बघा. मधे कॅरियर, दोन्ही बाजूंना १ किलोहर्ट्झवर एकेक साइडबँड. साइडबँड कॅरियरपेक्षा ६ डीबी खाली असेल तर मॉड्युलेशन १०० टक्के, ८ डीबी खाली असेल तर ८० टक्के, १२ डीबी खाली असेल तर ५०. मग २ किलोहर्ट्झवर बघा. तिथला कोंब पहिल्या साइडबँडपेक्षा ३० डीबी खाली असेल तर विकृती सुमारे ३ टक्के, बोलण्याला उत्तम. २० डीबीच खाली असेल तर १० टक्के, कान कुरकुरतो. दोन बाजूंचे साइडबँड उंचीला बरेच वेगळे दिसले तर फिल्टर मध्यावर बसलेला नाही. काही जुने सेट एएमच्या नावाखाली एकच साइडबँड अधिक कॅरियर पाठवतात, तिथे दुसरी बाजू जवळजवळ दिसणारच नाही; तो सेट साध्या डिटेक्टरवर खोल मॉड्युलेशनला स्वच्छ ऐकू येणे अवघड असते, ७० टक्क्यांवर थांबा.

एसडीआर स्वतःच दबून खोटे दाखवतो, हे विसरू नका. त्याची अँटेना काढून ठेवा, गेन कमी करा. गेन १० डीबीने उतरवल्यावर सगळा आलेख सारखाच उतरायला हवा. कडेची झालर जास्त उतरली तर ती तुमच्या सेटची नव्हती, रिसीव्हरची होती. झालर टिकून राहिली, कॅरियरपासून ५ किलोहर्ट्झच्या पलीकडे गेली आणि नेमकी जोरात बोलल्यावरच उठते, तर तो स्प्लॅटर.

लिनिअर अॅम्प्लिफायर लावणार असाल तर हाच चौपटीचा नियम त्यालाही. ५०० वॅट शिखराच्या अॅम्प्लिफायरमधून १०० ते १२५ वॅट कॅरियर, त्यापुढे नाही, आणि तो सलग कॅरियर सोसेल असे बनवणाऱ्याने लिहिले असेल तरच.

ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा प्लेट-मॉड्युलेटेड (फायनलच्या प्लेटचे व्होल्टेजच आवाजाने वरखाली करणारा) सेट आहे त्यांच्यासाठी वेगळे सांगायला हवे, कारण तिथे एएलसी नाही आणि चुका निराळ्या आहेत. भारतातल्या जुन्या होमब्रू सेटमध्ये ८०७ हा व्हॉल्व्ह फायनलमध्ये सर्रास सापडतो. ६०० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, म्हणजे ६० वॅट इनपुट. मॉड्युलेटरने त्याच्या निम्मी, ३० वॅट ऑडिओ द्यायला हवी, आणि ट्रान्सफॉर्मरला दिसणारा भार ६०० भागिले ०.१, म्हणजे ६००० ओहम. भार यापेक्षा हलका किंवा जड झाला की मॉड्युलेटर आधी फाटतो. म्हणून आधी फायनलचे लोडिंग करून प्लेट करंट बरोबर १०० वर आणा, मगच ऑडिओ उघडा. उलट क्रम केलात, किंवा फायनल बंद असताना मॉड्युलेटरमध्ये ओरडलात, तर भार नसलेल्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज चढते आणि आत ठिणगी पडते. जुना मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे मुश्किल.

या सेटवर प्लेट करंटचा मीटर बोलताना स्थिर राहिला पाहिजे. खाली पडत असेल तर पहिला संशय ग्रिड ड्राइव्हवर घ्या. ८०७ ला ग्रिडमध्ये ३ ते ४ मिलिअँपिअर हवेत. कॅरियरला कमी ड्राइव्ह पुरते, पण शिखरावर प्लेट १२०० व्होल्टवर जाते तेव्हा पुरत नाही आणि माथे सपाट होतात. दुसरा संशय स्क्रीन ग्रिडवर. स्क्रीनलाही प्लेटबरोबर वरखाली व्हायला हवे, म्हणून तिचा ड्रॉपिंग रेझिस्टर मॉड्युलेट झालेल्या बाजूने घ्या, वेगळ्या स्थिर सप्लायवरून नाही.

आवाज गोधडीतून आल्यासारखा येत असेल तर बायपास कपॅसिटर तपासा. प्लेटच्या एचटीवर (उच्च व्होल्टेजच्या लाइनवर) २ नॅनोफॅरड असेल तर ६००० ओहमशी मिळून कट-ऑफ १३ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आवाजाला धक्का नाही. कुणीतरी ‘जास्त चांगले’ म्हणून तिथे १० नॅनोफॅरड बसवले की तोच कट-ऑफ २.६ किलोहर्ट्झवर येतो आणि सगळे स, श, च मरतात. स्क्रीनवरही १ ते २ नॅनोफॅरडच. हे कपॅसिटर आणि ट्यूनिंगचे व्हेरिएबल कपॅसिटर दोन्ही दुप्पट व्होल्टेज आणि वर आरएफ सोसणारे हवेत. आणि हे सगळे करताना सप्लाय बंद, ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) शाबूत आहे याची मीटरने खात्री, मग इन्सुलेटेड दांडीने एचटी जमिनीला टेकवायची. ६०० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत.

ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी एकच ओळ: आयआरएफ५१० हा मॉस्फेट क्लास-ई मध्ये (स्विचसारखा) चालवला की ड्रेनवर सप्लायच्या सुमारे साडेतीन पट व्होल्टेज चढते. १२ व्होल्टवर १०० टक्के मॉड्युलेशनला शिखरावर सप्लाय २४ होतो, ड्रेन ८५ पर्यंत, आणि त्याची मर्यादा १०० व्होल्ट. १२ व्होल्टवर बसतो, त्याच्या वर नाही.

शेवटी रिपोर्ट. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर दूरच्या स्टेशनने ‘फाटतोय’ म्हटले तर लगेच नॉबला हात लावू नका. निवडक फेडिंगमध्ये कॅरियर एकटाच बुडतो, साइडबँड राहतात, आणि रिसीव्हरला ते अतिमॉड्युलेशनसारखेच ऐकू येते. ७.२०० च्या वरच्या मोठमोठ्या प्रसारण केंद्रांचेही रात्री हेच होते, आणि त्यांचे इंजिनिअर काही माइक गेन फिरवत बसत नाहीत. खूण अशी की फाटणे लाटेसारखे येते-जाते आणि तुमच्या मोठ्या शब्दांशी त्याचा मेळ बसत नाही. समोरच्याला एसएसबी मोडवर शून्य बीट करून (कॅरियरची शिट्टी नाहीशी होईपर्यंत डायल जुळवून) ऐकायला सांगा. तिथे आवाज साफ आला तर दोष हवेचा. खरा रिपोर्ट पाच-दहा किलोमीटरवरच्या, त्याच शहरातल्या हॅमकडून दिवसा घ्या. आणि त्याला ‘आवाज कसा आहे’ असे विचारू नका, ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. विचारा: फिल्टर किती रुंद आहे, मी गप्प असताना मागे काय ऐकू येते, कुठल्या अक्षराला फाटते, आणि डायल ७ किलोहर्ट्झ वर आणि ७ किलोहर्ट्झ खाली नेल्यावर माझे काही ऐकू येते का.